व्यसन आणि कार्ड : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्कमधल्या जॅझ वादकांच्या हलाखीचे खापर मी माझ्या लेखात शहरावर फोडले, प्रत्यक्षात त्यांना बुडवले ते व्यसनाने, आणि तसेही क्लबात वाजवण्यासाठी लागणाऱ्या पोलिसांच्या कार्डाची पद्धत १९६७ साली संपली, असा आपला आक्षेप आहे. हेरॉइनने त्या पिढीचे केलेले नुकसान मी एका वाक्यात उरकले, ही उणीव मान्य करतो.

मात्र व्यसन आणि बेकारी यांच्या मधोमध पोलिसांचे ते कार्ड होते, आणि आपण ते फारच हलके धरले आहे. १९४० पासून तिथल्या क्लबात काम करायचे, तर वादकालाच काय, वेटरलाही बोटांचे ठसे देऊन ‘कॅबरे कार्ड’ घ्यावे लागे आणि ते काढून घेणे पोलिसांच्या हाती असे. १९५१ साली थेलोनियस मंक आणि बड पॉवेल हे दोन जॅझ पियानोवादक एकत्र असताना अमली पदार्थ सापडले. मंक यांनी मित्राविरुद्ध बोलण्यास नकार दिला, तुरुंगवास भोगला आणि कार्डही गमावले. पुढे १९५७ पर्यंत त्यांची ध्वनिमुद्रणे होत राहिली, परंतु ज्या क्लबांवर वादकाचे पोट चालते आणि जिथे रोज रात्री वाजवून हात तयार राहतो, ती दारे त्यांना जवळपास बंदच होती. कार्ड परत मिळाले त्याच वर्षी ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यासह त्यांचे वादन महिनोन्महिने चालले.

गायिका बिली हॉलिडे यांच्याबाबत आपले म्हणणे अधिक खरे आहे. त्यांचे व्यसन कोणी नाकारत नाही. पण अमली पदार्थांबद्दलच्या १९४७ च्या शिक्षेनंतर त्यांना क्लबात गाण्याची मनाई झाली, आणि १९४८ साली त्यांनी भरगच्च कार्नेगी हॉलमध्ये मात्र गायले, कारण अशा मैफलींच्या सभागृहात कार्ड लागत नसे. व्यसनी माणसाचे नियमित काम काढून घेतल्याने त्याचे व्यसन कसे सुटावे, हे मला आजवर उमगलेले नाही.

राहिला १९६७ नंतरचा काळ. कार्ड गेले, तरी कॅबरेचा, म्हणजे गाण्या-नाचाच्या कार्यक्रमांचा, परवाना नसलेल्या बारमध्ये तीनपेक्षा अधिक वादकांना बसवण्यास मनाई होती. त्यातही पियानो, गिटार, अकॉर्डियन चालत. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ड्रम मात्र वर्ज्य होते. म्हणजे अकॉर्डियनवाल्याला मुभा आणि सॅक्सोफोनवाल्याला बंदी! वाद्यांवरचे व संख्येवरचे हे निर्बंध न्यायालयात टिकले नाहीत, पण त्यासाठी १९८८ साल उजाडावे लागले. मूळ लेखात हा भाग राहून गेला होता. आपल्या आक्षेपामुळे तो आता जोडतो आहे.