माकडां भियतली काय?

देवगडात तुमच्या हातात कुठलंही यंत्र दिसू दे, ग्रास कटर असो, ड्रोन असो नाहीतर फोटोवाल्याची हातभर लांब लेन्स, समोरचा एकच प्रश्न विचारतो. माकडांसाठी काय? यंदा श्रावणात चार दिवसांत मला हा प्रश्न निदान पंधरा वेळा आला, कारण माझ्या हातात खरोखरच बंदूक होती. खोटी. म्हंजे खरीसारखी दिसणारी खोटी.

झालं असं की आमच्या मावसभावाचा होमस्टे आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, किल्ल्यावर जावं तर वारा छत्रीचं फूल करतो, आणि आलेलं गिऱ्हाईक दोन दिवस भजी खाऊन तिसऱ्या दिवशी विचारतं, इथे करायला काही नाहीये का. आणि इकडे आंब्याची शेड जूनपासून रिकामी, आत लाकडी पेट्या आणि क्रेट पार पत्र्यापर्यंत रचलेले. तर ह्याच्या डोक्यात आलं की त्या पेट्यांच्या बोळांमधून एअरसॉफ्ट खेळवायचं, म्हंजे खोट्या बंदुकांनी प्लास्टिकचे छर्रे मारायची लुटुपुटीची लढाई. ओळखीच्या एका खेळाडूकडून रीतसर कागदांसकट दोन बंदुका बघण्यापुरत्या आणल्या आणि मला म्हणाला, तू चालवून रिपोर्ट दे. मीच का, तर मी शाळेत एन.सी.सी.त होतो. तिथे मी पॉइंट टू टू रायफलीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्यातल्या किती शेजारच्याच्या टार्गेटवर गेल्या ते उस्तादांनी मोठ्या मनाने कधी सांगितलं नाही. सध्या मी पतसंस्थेत कॅशियर आहे.

हा खेळ मूळ जपानचा. तिथे साध्या माणसाला खरी बंदूक सहजासहजी बाळगता येत नाही, म्हणून सत्तरच्या दशकात त्यांनी हुबेहूब खेळणी काढली, आणि १९९१ मध्ये तोक्यो मारुईने बॅटरीवर चालणारी पहिली रायफल आणली. आत एक मोटर, मोटर दातेरी चाकं फिरवते, चाकं पिस्टन मागे ओढून स्प्रिंग दाबतात, मग पिस्टन सुटतो आणि त्या हवेच्या फटक्याने ६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा पुढे जातो. थोडक्यात, सायकलचा पंप आणि शिवणयंत्र यांचं लग्न लावलंय. आवाजही तसाच, टर्र टर्र, आईने उशीचा अभ्रा शिवायला घेतल्यासारखा.

आमच्याकडे आलेली होती ती एमपी-७ नावाच्या जर्मन बंदुकीच्या धर्तीची आखूड सबमशीनगन. खरी एमपी-७ दस्ता आत सारला की जेमतेम ४१ सेंटिमीटर भरते आणि ही पण त्याच मापात. ओटीवर आणून ठेवली तर आजीने पोळपाटावरचं पीठ झटकत बघितलं.

"झिला, ह्येच्यान माकडां मरतली?"

"नाय गे आजये, खेळण्याची हा ती."

"मगे भियतली तरी काय?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला ज्यूल, म्हंजे छर्र्याच्या जोराचं माप, समजावायला गेलो. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला ८५ मीटरने सुटला तर पाऊण ज्यूलही भरत नाही, जपानात कायद्याची मर्यादाच ०.९८ ज्यूलच्या आसपास, बंद जागेत समोरासमोर खेळायचं तर एवढंच बरं, लागलं तर कपड्यावरून मुंगी चावल्यासारखं. आजी म्हणाली, मुंगी चावॉक येवढी बंदूक कित्याक व्हयी.

असो. रिपोर्ट. समोर शत्रू म्हणून पुतणी, वय १४, वजन ओल्या टॉवेलसकट पस्तीस किलो. दोघांनी गॉगल लावले, ते सक्तीचंच, छर्रा कुठेही लागलेला चालतो पण डोळ्याला नाही. आणि इथेच पहिल्या मिनिटाला माझी परीक्षा आटोपली. श्रावणात कोकणात पत्र्याच्या शेडमध्ये तोंडावर गॉगल म्हंजे भाताच्या पातेल्यावर काचेचं झाकण. मला पेट्या दिसेनात, पुतणी दिसेना, स्वतःचे पाय दिसेनात, नुसतं खिदळणं ऐकू येत होतं आणि पोटावर मुंग्या चावत होत्या. सहा मोजल्या. शेवटी मालवणला स्नॉर्कलिंगवाले मास्कमध्ये थुंकून काच चोळतात ते आठवलं आणि तसं केलं, पाच मिनिटं दिसलं, पण हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं ते भावाने ठरवावं.

दिसायला लागल्यावर मात्र बंदूक आवडली हे कबूल करायला पाहिजे. दोन थप्प्यांमधला बोळ दीड हाताचा, तिथे लांब रायफल घेऊन वळलात तर आधी नळी पेटीवर आपटणार, ही आखूड बंदूक कोपऱ्यावरून मनगट वळवावं तशी वळते. दस्ता ओढून खांद्याला लावला तरी गॉगलमुळे डोळा माशीच्या, म्हंजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेच्या, रेषेत येत नाही, पण आठ-दहा पावलांवर नेम कोण धरतं, पांढरा छर्रा जाताना दिसतो, तो बघून हात सरकवायचा, बागेला पाइपने पाणी घालतो तसं. खोड एकच. मोटर बारकी, बॅटरी जेमतेम काडेपेटीएवढी, त्यामुळे घोडा दाबल्यापासून पहिला छर्रा सुटेपर्यंत एक बारीक 'अं...' होतं, आमच्या हेडक्लार्कला काही विचारल्यावर होतं तसं. तेवढ्या 'अं'मध्ये पुतणी दोनदा मारून जाते. आणि आत ते हॉप-अप नावाचं प्रकरण असतं, रबराचा एक उंचवटा छर्र्याला उलटी फिरकी देतो म्हणून तो लांबपर्यंत सरळ तरंगत जातो. भावाने हौसेने त्याचं चाक पूर्ण फिरवून ठेवलेलं, त्यामुळे माझे सगळे छर्रे विमानासारखे वर उठून पत्र्याला जाऊन लागत होते. चाक मागे घेतल्यावर सरळ आले. मॅगझीन ५० छर्र्यांचं, ऑटोवर ठेवलं तर चार-पाच सेकंदांत खलास, म्हणून शेडमध्ये एकेकच मारायचं असा नियम करावा असं मी रिपोर्टात लिहिलं. दुसरं कारण लिहिलं नाही, ते असं की उरलेले छर्रे पेंढ्यातून वेचायचं काम माझ्याकडे आलं होतं.

खरी अडचण मी. बंदूक कॉम्पॅक्ट आहे हो, मी कुठे कॉम्पॅक्ट आहे. पेट्यांच्या आड उभा राहिलो की नळी आत, डोकं आत, आणि पोट शत्रूच्या हद्दीत. पुतणीने नंतर मोकळेपणाने सांगितलं, काका तुम्ही लपलात की मला बरं पडतं, हलत नाही.

चौथ्या दिवशी, बंदुका परत द्यायच्या त्या सकाळी, शेडच्या पत्र्यावर वानरांची टोळी आली. त्यातला एक हुप्प्या सरळ खाली उतरून केळीच्या लोंगराशी. आजी ओटीवरून ओरडली, "झिला, हाड ती पिपाणी!" माकडाला मारणं पटणारं नव्हतं आणि चालणारंही नव्हतं, मी आपला त्याच्यापासून लांबच्या पत्र्याच्या टोकावर ऑटो लावला. टर्रर्र. पन्नासच्या पन्नास. पावसाच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही. एक छर्रा घरंगळत येऊन हुप्प्याच्या पायाशी थांबला. त्याने उचलला, वास घेतला, दाताखाली धरून बघितला आणि माझ्याकडे बघत बघत थुंकला.

आजीने पातेल्याचं झाकण घेतलं, उलथनं घेतलं, आणि पायरी उतरून दोनदाच वाजवलं. टोळी पार कुंपणापलीकडे.

"तुझ्या बंदुकेक पैसे किती पडले?" तिने झाकण पदराला पुसत विचारलं. मी आकडा सांगितला नाही.