चहा महागला म्हणून अमेरिका उठली नाही, आणि तिथं सगळ्यांची एकजूटही नव्हती

चार दिवस झाले आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. इंग्रजांनी टॅक्स वाढवून चहा महाग केला म्हणून अमेरिकनांनी बोस्टनच्या बंदरात 'आपला आसामचा चहा' समुद्रात फेकला. तेराही वसाहती एकदिलानं उठल्या, एकही फितूर निघाला नाही, म्हणून आठ वर्षांत स्वातंत्र्य. आपण फितुरांचा देश, म्हणून दीडशे वर्षं गुलामी. आणि तिकडे हरला म्हणून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला शिक्षा म्हणून भारतात पाठवलं. मी सोडूनही दिलं असतं, पण नववीतल्या भाचीनं हेच वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घातलं आणि फोनवर म्हणून दाखवलं. "मामा, फितुरीवरचा शेवट भारी झालाय ना?" तेव्हा मात्र राहवेना.

आधी चहा. १७७३ च्या कायद्यानं चहा महाग झाला नाही, स्वस्त झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून होता, कंपनी बुडायच्या बेतात होती, म्हणून पार्लमेंटनं तिला तो थेट अमेरिकेत विकायची परवानगी दिली आणि इंग्लंडमधली जकात माफ केली. १७६७ पासूनची पौंडामागे तीन पेन्सची जकात तेवढी तशीच ठेवली, ती धरूनही भाव उतरत होता. मग चिडले कशाला? कारण तो स्वस्त चहा घेतला की आपला एकही माणूस नसलेल्या पार्लमेंटला आपल्यावर कर बसवायचा हक्क आहे हे मान्य केल्यासारखं होत होतं. शिवाय विक्री फक्त कंपनीनं नेमलेल्या एजंटांकडून, म्हणजे तिथले व्यापारी आणि चोरून डच चहा आणणारे दोघंही उठले बाजारातून. बोस्टनच्या एजंटांत तर गव्हर्नर हचिन्सनची स्वतःची मुलं होती! १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या त्या या रागातून. आणि तो चहा चीनचा होता हो. आसाम कंपनीच्या हातात आला १८२६ मध्ये आणि तिथला चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला १८३९ मध्ये.

एक गोष्ट मान्य करतो, भारताचा संबंध अगदीच नाही असं नाही. कंपनी डबघाईला आली त्यात इथल्या लढायांचा खर्च आणि १७७० चा बंगालचा भयंकर दुष्काळ ही कारणं होतीच. पण फॉरवर्डवाल्याला त्यात रस नाही, त्याला 'आपला चहा' हवाय.

आता फितुरी. हे वाक्य मुलांच्या तोंडी जातंय म्हणून हा सगळा खटाटोप. बंडाचा मोठा नेता बेंजामिन फ्रँकलिन सगळ्यांना माहीत आहे, त्याचा मुलगा विल्यम राजानं नेमलेला न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, तो शेवटपर्यंत राजाच्याच बाजूनं राहिला, बंडवाल्यांनी त्याला कैदेत टाकलं, पुढे तो इंग्लंडला गेला तो कायमचा, आणि बापानं मृत्युपत्रात त्याच्यासाठी जवळजवळ काहीच ठेवलं नाही. एका घरातली ही कथा. गोऱ्या लोकांपैकी साधारण पाचवा हिस्सा राजनिष्ठ होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि युद्धानंतर सुमारे साठ हजार राजनिष्ठ देश सोडून गेले. १७७४ च्या पहिल्या काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, तेराव्या वसाहतीनं, जॉर्जियानं, माणूसच पाठवला नाही. कसला एकदिलानं उठाव?

आणि २५ लाख लोकांत पाचेक लाख गुलाम होते, त्यांचं काय? नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डनमोरनं जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाकडून लढतील ते मोकळे. शेकडो जण जीव धोक्यात घालून पळून त्याच्याकडे गेले. ते फितूर का? स्वातंत्र्यासाठीच गेले ना बिचारे!

शिवाय या वसाहतवाल्यांशी आपली तुलना होतेच कशी? ते बहुतेक इंग्रजांचेच भाऊबंद, व्हर्जिनियाची स्वतःची विधानसभा १६१९ पासून, आणि १७७८ पासून फ्रान्स उघड पाठीशी. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला समुद्राची वाट फ्रेंच आरमारानं अडवली म्हणून तर कॉर्नवॉलिस सापडला.

भाचीला मी एकच काम सांगितलं, ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा स्वतः वाच. दहा मिनिटं लागतात. त्यात राजाविरुद्ध सत्तावीस तक्रारी आहेत, त्यात संमतीशिवाय कर ही फक्त एक ओळ आहे. बाकी विधानसभा बरखास्त केल्या, न्यायाधीश स्वतःच्या मर्जीवर ठेवले, शांततेच्या काळात आमच्यात फौज ठेवली, खटल्यासाठी समुद्रापार नेलं, असं सगळं. चहा हा शब्द एकदाही नाही.

कॉर्नवॉलिसला शिक्षाबिक्षा काही झाली नाही. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या बरोबर हरिपंत फडक्यांची मराठी फौज होती.

स्पर्धा शनिवारी आहे. भाची आता भाषण विल्यम फ्रँकलिनपासून सुरू करतेय. फॉरवर्ड अजून ग्रुपवर तसाच आहे, तुमच्याकडे आला असेल तर त्याच्याखाली हे चिकटवा.