चाकाला साखळी

मुंबईकराला साखळी ठाऊक असते ती लोकलच्या डब्यातली. ती ओढली की गाडी थांबते आणि विनाकारण ओढणाऱ्याला दंड होतो. गाडी चालावी म्हणूनही साखळी लागते, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मेहुण्यामुळे कळले. त्याचे ट्रक वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमधून सुटतात आणि त्यांचे हिशेब मी लिहितो. जानेवारीत हिमाचलमधल्या केलाँगला माल पोहोचवायचा होता. ‘भाऊजी, चला की, बर्फ बघाल,’ असे तो म्हणाला आणि उसाच्या रसापलीकडे बर्फाशी माझी काहीही ओळख नसल्यामुळे मी होकार दिला.

बर्फावर चाक घसरू नये म्हणून त्याला साखळी बांधतात; ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, आम्ही वडाळ्यात तिची रंगीत तालीम केली. ‘चोरीची एवढी भीती आहे का?’ असे शेजारच्या चहावाल्याने विचारले. काम मात्र सोपे वाटले. साखळी चाकावर झुलीसारखी टाकायची, गाडी किंचित पुढे घ्यायची, आधी आतली कडी अडकवायची, मग बाहेरची आणि शेवटी ताण द्यायचा. इंजिनाचा जोर मागच्या जोडचाकांवर येतो, म्हणून साखळी तिथे. ट्रेलर असेल तर त्याच्याही चाकांना ती लागते, कारण घसरड्या उतारावर ब्रेक लावताच तो मागून ढकलतो आणि सारी गाडी कात्रीसारखी मिटते. आमच्याकडे ट्रेलर नव्हता, ही कुलदैवताची कृपा.

मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे साखळीवाचून गाडी सोडत नव्हते. आमच्या क्लीनरचे डोके उंचीमुळे ठणकत होते, तेव्हा तालमीच्या बळावर मी पुढे झालो. जोडचाकांच्या मधल्या फटीत हात घालून आतली कडी शोधायची असते. हातमोजे घातले तर कडी कळत नाही आणि काढले तर बोटे कळत नाहीत. चिखल झालेल्या बर्फात उताणा पडून, मानेत शिरणाऱ्या पाण्याची धार सोसत, मी ती कडी चाळीस मिनिटे चाचपत होतो. केबिनमध्ये शाल पांघरून चहा पिणारा मेहुणा अधूनमधून काच खाली करून, फोटो काढू का, असे आपुलकीने विचारत होता.

अखेर कडी बसली. आमच्या सातारकर ड्रायव्हरने बॅटरी मारून पाहिले आणि लग्नघरात वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हटले, ‘साहेब, आकड्यांची टोकं टायरकडं आल्यात. टायर खाईल ती. उलटी बसलीया.’

दुसऱ्या खेपेस अर्धाच तास लागला. मग त्याने पुढचा कार्यक्रम सांगितला: थोडे अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताण द्यायचा, ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यात बर्फ नसतो आणि कोरड्या रस्त्यावर साखळी तुटते, म्हणून तिथे ती काढायची. पलीकडे सिस्सूच्या बाजूला बर्फ असला तर परत घालायची. तोंड गोठल्यामुळे मी नुसती मान हलवली.

ट्रकची डावी बाजू अजून बाकी होती.