आपला घाट म्हणजे वारा

"नागपुरात काय सायकलिंग ताई, ना घाट ना समुद्र!"

हे वाक्य पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी म्हटलं तर मी समजून घेते. पण गेल्या सहा वर्षांत ते मला सगळ्यात जास्त आपल्याच लोकांकडून ऐकायला मिळालंय. सायकलच्या दुकानात, फुटाळा तलावावर चहा पिताना, राईड संपल्यावर तर्री पोह्याची प्लेट हातात असताना. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. पोस्ट लांब होणार आहे.

मी शाळेत गणित शिकवते. सायकल घेतली ती वयाच्या चाळिशीत, २०२० मध्ये, लॉकडाऊन उठल्यावर. आधी घर ते फुटाळा, मग सेमिनरी हिल्सचा चढ, मग फेटरी, मग काटोल रोडवर जमेल तितकं पुढे. सेमिनरी हिल्सवरच्या जपानी गार्डनपर्यंत पहिल्यांदा न थांबता चढून गेले तेव्हा तिथेच सायकल भिंतीला टेकवून मी घरी फोन केला होता. सह्याद्रीत राहणाऱ्यांना तो चढ चढ वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे खरंच घाट नाही. पण आपल्याकडे वारा आहे, आणि त्याला आपण मोजतच नाही.

मार्च संपत आला की पश्चिमेकडून कोरडा वारा सुरू होतो. पहाटे पाचला झाडाचं पान हलत नसतं. आठ-साडेआठला जमीन तापली की तो उठतो, आणि नवतपा सुरू झाला की भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर येतो. रामटेक आपल्या ईशान्येला. म्हणजे उन्हाळ्यात जाताना वारा पाठीवर, आणि जाताना प्रत्येकाला वाटतं की आज आपले पाय फार छान चाललेत. येताना तोच वारा समोरून. काटोलचं याच्या उलट, आधी कष्ट आणि मग बक्षीस, म्हणून नवीन माणसाला मी उन्हाळ्यात नेहमी काटोल रोडच सुचवते. सावनेरकडे निघालं की तो डाव्या कुशीवर येतो. त्या रस्त्याला वाऱ्याची दिशा बघायला मोबाईल लागत नाही, कोराडीच्या चिमण्यांचा धूर कुठे वाकलाय ते बघायचं.

आता २०२२ च्या एप्रिलमधली ती राईड सांगते. एका मोठ्या गटाबरोबर रामटेकला गेले होते. गटाचं नाव घेणार नाही, त्यातले बरेच जण आजही माझे मित्र आहेत. चौदा जण होतो. कामठी, कन्हान, मनसर करत गड चढलो, खाली येऊन पोहे खाल्ले, फोटो झाले. निघायला नऊ वाजले. मनसर मागे पडलं आणि वारा समोर आला. पुढच्या दोघांनी वेग वाढवला, बाकीच्यांनी त्यांची चाकं धरली, म्हणजे अगदी मागे चिकटून राहिले, आणि मी तेवढ्यात पाण्याच्या बाटलीला हात घातला होता. दहा मीटरची फट पडली. मग पन्नास मीटरची. मग ते तेरा जण ठिपके झाले आणि दिसेनासे झाले. मीटरवर माझा वेग ताशी ११ किलोमीटर दिसत होता. मी सगळा जीव लावत होते आणि ११. हायवेवरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकच्या झोताने सायकल हलत होती. मला रडू आलं होतं, हे सांगायला आज संकोच वाटत नाही.

त्या ठिपक्यांमधला एक ठिपका परत आला. गटातले सगळ्यात वयस्कर काका, अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले, जुन्या स्टीलच्या फ्रेमवर चालवणारे. त्यांनी रागावल्यासारखं काही केलं नाही, धीरही दिला नाही. माझ्यापुढे सायकल आणून म्हणाले, "ताई, माझ्या चाकाकडे पाहू नका, कमरेकडे पाहा. ब्रेकले हात लावू नका. मी वारा तोडून राहिलो, तुमी फक्त मागं राहा." आणि दोन मिनिटांनी मी पुन्हा जोर लावायला लागले तर मान न वळवता म्हणाले, "डब्यानं जोर लावाचा नसते, जुडून राहाचं असते."

कन्हानच्या पुलापर्यंत आम्ही १९ च्या वेगाने आलो.

हे मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडलं होतं. समोरून २० च्या वेगाने वारा येतोय आणि मी १२ ने चालवतेय, तर माझ्या अंगावर हवा ३२ च्या वेगाने येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट. वेग जरा वाढला की सपाट रस्त्यावरची आपली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. पण पुढे कोणी असेल आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर राहता आलं, तर साधारण पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. ती मेहनत कोणीतरी केलेलीच असते. ती आपल्या वाट्याची दुसऱ्याने केलेली असते, एवढाच फरक.

त्याच जुलैत मी पहिल्यांदा टूर द फ्रान्स नीट पाहिली. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास स्टेज, म्हणजे त्या दिवसाचा टप्पा, संपते, म्हणजे जेवणं आटोपली, बाहेर पाऊस लागलाय आणि हातात मोबाईल. २४ जुलै २०२२ ला पुरुषांची शर्यत पॅरिसमध्ये संपली आणि त्याच दिवशी शाँझेलिझेवर बायकांची टूर सुरू झाली. १९०३ पासून चालत आलेल्या या शर्यतीला बायकांसाठी अशी अनेक दिवसांची, मोठी आवृत्ती कित्येक वर्षांच्या खंडानंतर मिळत होती. ॲनेमिक व्हॅन व्ल्यूटेन जिंकली तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. माझ्यासाठी तेवढंच पुरेसं होतं, पण मला त्याहून जास्त गुंतवलं ते वेगळ्याच गोष्टीने. टीव्हीवर जिंकणारी दिसते आणि तिच्यापुढे दीडशे किलोमीटर वारा अंगावर घेऊन, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी बाजूला होणाऱ्या बायका दिसतात. त्यांना डोमेस्टिक म्हणतात. निकालात त्या कुठेतरी ऐंशीव्या, नव्वदाव्या. मला तिथे आमचे अजनीचे काका दिसले.

घाटाचं कौतुक सगळीकडे आहे. टूरमध्ये १९७५ पासून चढाच्या राजाला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणारा 'घाटाचा राजा' होतो. वारा अंगावर घेणाऱ्यासाठी मात्र कुठलीही जर्सी नाही. आणि तरी मी जसजशी शर्यती पाहत गेले तसतसं मला पटत गेलं की निम्म्या शर्यतींचा निकाल वाराच लावतो. २०२० च्या टूरमध्ये लावोरच्या स्टेजला रस्ता सपाट होता, आपल्या सावनेर रोडसारखा, आणि वारा बाजूने होता. बाजूचा वारा असला की सायकलस्वार तिरक्या रांगेत जातात, एकाच्या आडोशाला दुसरा. रस्त्याची रुंदी संपली की मागच्यांना आडोसा उरत नाही आणि तिथे गट फुटतो. त्या दिवशी तादेय पोगाचार मागच्या गटात अडकला आणि १ मिनिट २१ सेकंद हरला. पुढे ती टूर तो ५९ सेकंदांनी जिंकला, हे खरं. पण २१ वर्षांच्या त्या मुलाला, जो पुढे जगातला सगळ्यात मोठा घाटवाला झाला, त्या टूरमध्ये सगळ्यात महागात पडली ती ही सपाट स्टेज.

आणि २०२४ ची बायकांची टूर. ही मी कधीच विसरणार नाही. डेमी व्होलरिंगच्या अंगावर पिवळी जर्सी होती, म्हणजे एकूण वेळेत ती सगळ्यांच्या पुढे होती. पाचव्या स्टेजला शेवटचे सहाएक किलोमीटर राहिले असताना ती पडली. उठली, निघाली, पण तिला शेवटपर्यंत ओढून आणायला म्हणावी तशी तिची टीम जवळ नव्हती. पुढे तिच्याच टीमची मुलगी ती स्टेज जिंकली. व्होलरिंग दीड मिनिटाहून जास्त मागे आली. शेवटच्या दिवशी तिने आल्प द्यूएझचा घाट सगळ्यांच्या आधी चढून दाखवला, आणि तरी कासिया निवियादोमाकडून टूर हरली. किती अंतराने? ४ सेकंदांनी. आठ स्टेजनंतर चार सेकंद. त्या रात्री मी कितीतरी वेळ जागी होते. एका माणसाने मागे येऊन फक्त एक-दोन किलोमीटर वारा अंगावर घेतला असता तर! निवियादोमाने ती टूर कष्टाने मिळवली, तिच्या श्रेयातून मला काहीच काढायचं नाही. पण मनसरजवळ जे मला झालं होतं त्याची किंमत चार सेकंदांत मोजता येते, हे मला त्या दिवशी समजलं.

याची दुसरी बाजू २०२५ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत दिसली. सायमन येट्सने २०१८ मध्ये फिनेस्त्रे नावाच्या घाटावर गुलाबी जर्सी, म्हणजे तिथली आघाडी, गमावली होती. सात वर्षांनी, शर्यत संपायला एक दिवस असताना, त्याच घाटावर तो एकटा पुढे सुटला. घाटापलीकडे सेस्त्रिएरेपर्यंत मोकळा रस्ता होता, तिथे एकटा माणूस वाऱ्याला मार खातो. पण त्याच्या टीमचा वाउट व्हॅन आर्ट सकाळपासून पुढच्या गटात होता. तो थांबला. स्वतः कितीतरी मोठमोठ्या शर्यती जिंकलेला हा माणूस येट्सची वाट बघत राहिला, आणि तो आल्यावर पुढे होऊन त्याला ओढत घेऊन गेला. मागे त्याचे प्रतिस्पर्धी डेल टोरो आणि करापाझ, दोघंही ताकदीचे, 'आधी तू काम कर' म्हणत एकमेकांकडे बघत राहिले आणि जिरो येट्सकडे गेला.

म्हणून मला राग येतो, जेव्हा आपल्या रविवारच्या राईडमध्ये ॲव्हरेज ३० आलं की स्क्रीनशॉट पडतात आणि मागे कोण राहिलं ते कोणाच्या लक्षातही नसतं. "आज चौघांना ड्रॉप केलं" हे अभिमानाने सांगितलं जातं. त्या चौघांमध्ये कोणीतरी पहिल्यांदा आलेलं असतं, कोणाच्या चाकात हवा कमी असते, कोणाला उन्हाने मळमळत असतं. ४४ डिग्रीत हायवेवर एकट्याला सोडणं यात मला कुठलीच मर्दुमकी दिसत नाही. उलट बाजूने असंही ऐकलंय की "चाक धरून आलीस, ते काय सायकलिंग?" दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, साडेतेरा तासांत संपवायची असते, तीही लोक एकमेकांची चाकं धरूनच पूर्ण करतात आणि नियमात ते बसतं. हा खेळ मुळात असाच बांधलेला आहे.

एक मान्य करते. ज्यांना तयारी करायची आहे त्यांनी जोरात चालवलंच पाहिजे, सगळ्यांसाठी थांबत राहिलं तर पाय तयार होत नाहीत. मग त्याची वेगळी राईड ठेवा, गुरुवारी ठेवा, आणि आधी सांगा की कोणी थांबणार नाही. माझी हरकत न सांगता सोडून देण्याला आहे.

आणि घाट नाही म्हणून इथे सायकलपटू घडत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. डॉ. अमित समर्थ याच शहरातले. २०१७ मध्ये त्यांनी रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळजवळ पाच हजार किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. सराव याच रस्त्यांवर, याच उन्हात, याच वाऱ्यात झालेला माणूस आहे तो.

रस्त्यांचं एक सांगायचं राहिलं. आपल्या सिमेंट रोडच्या दोन पट्ट्यांमधली लांब फट बारीक टायर गिळते, मी स्वतः तिच्यामुळे एकदा कोपर फोडून घेतलंय. जमलं तर २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर लावा आणि हवा थोडी कमी ठेवा. पॅरिस-रुबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर जाणारे व्यावसायिकही आता रुंद टायरवरच असतात. पुढच्याने फट किंवा खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा, मागच्याने तोच इशारा आणखी मागे पोचवायचा. मागच्याला पुढचं काही दिसत नसतं, तो तुमच्या हातावर विसंबलेला असतो.

यंदाची टूर ४ जुलैला बार्सिलोनातून सुरू होतेय, आणि पहिल्याच दिवशी सांघिक टाईम ट्रायल आहे. अख्खी टीम एका रांगेत, प्रत्येकाने थोडा वेळ पुढे येऊन वारा घ्यायचा आणि मागे सरकायचं. घरी कोणाला हा खेळ समजावायचा असेल तर तो दिवस चुकवू नका. शेजारच्या मुलांना मी आत्ताच सांगून ठेवलंय.

काका आता गुडघ्यामुळे लांब येत नाहीत. कोराडीपर्यंत येतात, तिथे चहा घेतात आणि परत फिरतात. मागच्या महिन्यात परत येताना वारा आडवा होता. मी त्यांच्या उजव्या बाजूला थोडी पुढे गेले आणि तशीच राहिले. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या आडोशाला सरकले.

येत्या रविवारी सावनेर. पहाटे पाचला काटोल नाक्यावर जमायचं, साडेनऊच्या आत परत. नवीन कोणी येत असेल तर कमेंटमध्ये सांगा, म्हणजे मागे कोण थांबणार ते आधी ठरवता येईल. पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जादा ट्यूब आणा.