प्रोजेक्टर लावला की डोकं फिरलंच समजा

दोन तास! भिंतीवर एक साधा आयत सरळ बसवायला दोन तास लागतात का कुणाला? मला लागले.

प्रोजेक्टर टेबलावर, तोंड जरासं वर, त्यामुळे चित्र वर ऐसपैस आणि खाली निमुळतं. केला कीस्टोन, म्हणजे तिरकं चित्र चौकोनी करणारं सेटिंग, उणे १२. कडा सरळ झाल्या, पण चित्रच आक्रसलं. मग झूमची रिंग फिरवली, तर फोकस गेला. फोकस आणला, तर त्या धक्क्याने यंत्र बोटभर सरकलं आणि ऑटो कीस्टोन महाशय जागे झाले, नको तेव्हा स्वतःच्या अकलेने सगळं 'दुरुस्त' करायला. बरं, कीस्टोनने लेन्स तसूभरही हलत नाही, आतल्या आत चित्रच चेपलं जातं. म्हणजे १९२०×१०८० साठी पैसे मोजायचे आणि त्यातले कडेचे पिक्सेल वाया घालवून अक्षरं खरखरीत करून घ्यायची! शेवटी यंत्राखाली चार जाडजूड पुस्तकं घातली, तोंड नाकासमोर सरळ केलं आणि कीस्टोन शून्यावर आणला. मॅन्युअलच्या ६० पानांपेक्षा ती पुस्तकं कामाला आली.

मग रंग. 'डायनॅमिक' मोडमध्ये प्रत्येकाच्या तोंडावर शेवाळ. हिरवा आपल्या डोळ्यांना सर्वांत उजळ भासतो, म्हणून उजेड वाढवायचा तर हिरवा मोकाट सोडायचा, अशी ही हुशारी. खोक्यावर ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा दांडगा दिसला की झालं, माणसं बेडकासारखी दिसेनात का! 'वॉर्म', 'कूल', 'नॉर्मल' हा काय प्रकार आहे? पांढऱ्याची छटा सांगायची तर ६५०० केल्विन असं आकड्यात सरळ लिहायला काय जातं?

त्यात तो मेनू नेमका ज्या चेहऱ्याचा रंग बघायचाय त्याच्यावरच ठाण मांडून बसतो. कॉन्ट्रास्ट ५० चा ५३ केला, दोन पावलं मागे येऊन बघितलं, तोवर मेनू पसार. परत मेनू, पिक्चर, ॲडव्हान्स्ड, खाली, खाली, खाली. अरे एकेक आकड्यासाठी किती वेळा!

आणि काळा? काळा राखेसारखा. प्रोजेक्टर काळा उजेड टाकू शकत नाही हे मलाही कळतं, पण दिवे बंद केल्यावरसुद्धा रात्रीच्या दृश्यात धुकं? ब्राइटनेस पाडला, गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजेड, बदलला, काही उपयोग नाही. दोष वेगळाच होता. लॅपटॉप काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा १६ ते २३५ या आकड्यांत पाठवत होता आणि प्रोजेक्टर ० ते २५५ धरून बसला होता, म्हणून १६ चा काळा त्याला राखाडी वाटत होता. हे 'एचडीएमआय रेंज' कुठे दडवलंय, तर 'पिक्चर'मध्ये नाही, 'सिग्नल'मध्ये! कोण जाणार तिथे रंग शोधायला?

ते बदललं आणि एकदाचं चित्र दिसायला लागलं. केबल जरा सैल वाटली म्हणून शेजारच्या पोर्टमध्ये घातली.

परत शेवाळ. प्रत्येक पोर्टचं सेटिंग म्हणे वेगळं असतं.