पक्ष ठरवण्याआधी निवडणूक कुठली ते बघा

‘यंदा कुणाला?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, ‘कुठल्या निवडणुकीत?’ समोरच्याला वाटतं मी उत्तर टाळतेय. पण देशाचं सरकार कुणी चालवावं, राज्याचं कुणी चालवावं आणि माझ्या गल्लीतली गटारं कुणी बघावीत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींना एकच उत्तर का असावं?

आपल्याकडे ‘आमचं घर अमुक पक्षाचं’ असं आडनाव सांगावं तसं सांगतात. आजोबांनी दिलं म्हणून वडिलांनी, वडिलांनी दिलं म्हणून मुलांनी. निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण मत हे नातं नाही. ती जबाबदारी सोपवणं आहे, आणि कुठली जबाबदारी सोपवतोय हे आधी कळायला हवं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी स्पष्ट आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन केंद्राकडे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन राज्याकडे. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून दोघांकडे, त्यामुळे शाळांच्या अवस्थेबद्दल दोघांनाही जाब विचारता येतो (आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात). कचरा, पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे ही कामं १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या बाराव्या अनुसूचीत आहेत.

म्हणूनच नगरसेवकपदाचा उमेदवार देशाच्या सीमेवर तावातावाने बोलायला लागला की मला राग येतो. अहो, टँकरचं बोला. आणि लोकसभेचा उमेदवार ‘तुमच्या कोपऱ्यावरचा रस्ता करून देतो’ म्हणतो तेव्हाही येतो. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी असतो खरा, पण आपल्या राज्यात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ असतात. त्याला आपण पाठवतो कायदे करायला आणि केंद्राच्या तिजोरीवर लक्ष ठेवायला. तो तिथे काय बोलला, कुठल्या विधेयकावर काय भूमिका घेतली, हे प्रचारात कुणी सांगतच नाही, कारण आपण विचारत नाही.

मतदारांना हा फरक कळत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. दिल्लीने २०१४ मध्ये लोकसभेच्या सातही जागा भाजपला दिल्या आणि काही महिन्यांत, २०१५ च्या विधानसभेत, ७० पैकी ६७ आम आदमी पक्षाला. २०१९ मध्ये पुन्हा सातही भाजपला, २०२० मध्ये पुन्हा ६२ ‘आप’ला. आपल्याच महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडी ४८ पैकी ३० जागा जिंकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला महायुती २८८ पैकी २३० च्या पुढे गेली. यामागची कारणं अनेक आहेत, त्यावर भांडणंही होतील. पण सगळ्यांचंच मत एका खुंटीला बांधलेलं नसतं, एवढं नक्की.

आता ‘पक्ष कुठलाही असो, माणूस चांगला आहे’ या युक्तिवादाबद्दल. लोकसभा आणि विधानसभेला मला तो पटत नाही, आणि याचं कारण कायद्यात आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, म्हणजे पक्षांतरबंदी. पक्षाने व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला आणि सदस्याने सभागृहात त्याविरुद्ध मत दिलं तर त्याचं पद जाऊ शकतं. म्हणजे तुमचा सज्जन, अभ्यासू, फोन उचलणारा आमदार मोक्याच्या मतदानात पक्ष सांगेल तसंच मत देणार. त्याच्या सज्जनपणाचा उपयोग मतदारसंघात होईल, पण कायदा पक्षाच्या मर्जीनेच होईल. म्हणून या दोन निवडणुकांत मी आधी पक्ष बघते, मग माणूस.

आणि पक्ष बघायचा म्हणजे जाहीरनामा वाचायचा एवढंच नाही. जाहीरनाम्यातलं वचन मोडलं म्हणून कुणाला कोर्टात खेचता येत नाही. पक्ष सत्तेत असताना पैसा कुठे खर्च केला आणि विरोधात असताना कशाला विरोध केला, हे बघावं. सत्तेत गेल्यावर त्याच गोष्टीचं समर्थन केलं असेल तर तेही लक्षात ठेवावं.

महाराष्ट्रातल्या माणसाने तर आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: निकालानंतर तुम्ही कुणाबरोबर जाणार? २०१९ च्या विधानसभेनंतर काय झालं, जून २०२२ मध्ये काय झालं, जुलै २०२३ मध्ये काय झालं, आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोण बरोबर, कोण चूक यावर तुमचं-माझं एकमत होणार नाही, आणि तो आजचा विषयही नाही. माझं दुखणं वेगळं आहे. एका बाजूला दिलेलं मत दुसऱ्या बाजूला नेलं गेलं, तेही एकापेक्षा जास्त वेळा, आणि ज्याने ते दिलं त्याला कुणी विचारलं नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने पक्षाचे एक तृतीयांश आमदार-खासदार फुटले तर त्यांचं पद वाचायचं ती पळवाट बंद केली, पण दोन तृतीयांश जणांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची उघडी राहिली. अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांच्या हाती, आणि तो किती दिवसांत द्यायचा याची मुदत दहाव्या अनुसूचीत नाही. ही मुदत घालू असं जो पक्ष लेखी सांगेल, त्याचा मी गांभीर्याने विचार करेन.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र मात्र कुठल्याही निवडणुकीत वाचाच. लोकसभा-विधानसभेसाठी ते ‘नमुना २६’ मध्ये असतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. प्रलंबित खटले तर बघाच, पण सरकारी देणी थकलीत का तेही बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खटले असलेला उमेदवार का दिला याची कारणं पक्षाने जाहीर करावीत, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकच कारण चालणार नाही. ही कारणं शोधून वाचा. बहुतेकदा ‘समाजकार्याची आवड’ अशा धर्तीची वाक्यं सापडतात. तेवढ्यावर माझं समाधान होत नाही, आणि अशा उमेदवारासाठी मी आवडत्या पक्षालाही मत देत नाही.

महापालिकेला माझा क्रम उलटा होतो. इथे माणूस आधी. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं. मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग असतो, अ, ब, क, ड अशा जागा आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. पॅनेलचे कार्यकर्ते दारात येऊन ‘चारही आपल्याच चिन्हावर’ म्हणतात आणि पुष्कळांना तसा नियमच आहे असं वाटतं. तसा नियम नाही. चार जागांना चार वेगवेगळ्या चिन्हांवर मत देता येतं, आणि एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर त्या जागेपुरता ‘नोटा’ आहे. दारात कार्यकर्ते आले की मी पॅनेलचं पत्रक घेते आणि चौघांची नावं एकेक करून विचारते: गेल्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं तेव्हा यातलं कोण कुठे होतं?