हा तं ताणते, मास्तर!

माझा दोर काल संध्याकाळी परत आला. त्याला डिझेलचा, शेणाचा आणि विहिरीतल्या गाळाचा असा तिहेरी वास येतोय, मी तो अंगणातल्या तारेवर टाकलाय आणि त्याच्याकडे बघत बघत हे टाइप करतोय.

दोर म्हणजे साधा दोर नाही हो. ६० मीटर लांब, ९.८ मिलिमीटर जाड, कडे चढायचा डायनॅमिक रोप, केशरी-निळा. किंमत १३,५०० रुपये. हा आकडा मी पहिल्यांदाच कुठेतरी खरा लिहितोय. घरी १,८०० सांगितलाय.

दीड वर्षापूर्वी ट्रेनिंगसाठी पुण्याला गेलो होतो तिथे एका मित्राने क्लाइंबिंगच्या आर्टिफिशियल वॉलवर नेलं, वीस फुटांवर पाय असे लटलटले की काय सांगू, आणि खाली आल्या आल्या मी ठरवलं की हेच आपलं. मग हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, घेतला, मग शूज, मग हेल्मेट, मग कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, मग अजून कॅराबिनर. शूज तर मुद्दाम लहान घ्यायचे असतात, बोटं आत मुडपून बसली पाहिजेत, हे बायकोला समजावताना माझी जी दमछाक झाली ती कुठल्याच कड्यावर झालेली नाही. आजघडीला माझ्याकडे ४०,००० चं सामान आहे आणि चढून झालाय गावामागच्या टेकडीवरचा एक काळा खडक, पंचवीस फुटी. फुटाला १,६०० रुपये पडले.

यात माझी एकट्याची चूक नाही. चढायचे नावाजलेले कडे सगळे लांब: ड्यूक्स नोज तिकडे लोणावळ्याला, लिंगाणा तिकडे रायगडापाशी, बदामी तर पार कर्नाटकात. इकडे अमरावतीच्या मोर्शी तालुक्यातल्या माणसाने शनिवार-रविवारच्या ट्रिपला जायचं म्हटलं तर शनिवार जाण्यात आणि रविवार येण्यात जातो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, तसा हा क्लाइंबिंगचाही अनुशेष आहे, फक्त त्यावर कुणी समिती नेमत नाही. चिखलदऱ्याला कडे आहेत, पण वाघही आहेत. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीची माणसं शिड्या लावून तिथल्याच गाविलगडाची भिंत चढली, त्यानंतर आमच्या भागात या खेळात विशेष काही झाल्याचं मला तरी माहीत नाही.

तर झालं काय, की मागच्या महिन्यात पानठेल्यावर मी एक कॅराबिनर खिशातून काढून दाखवला. काढायला नको होता. त्याच्या पाठीवर २४ केएन कोरलेलं असतं, म्हणजे साधारण २,४०० किलोचा ताण सहन करतो, आणि मी खर्रा घोटणाऱ्या पोट्ट्यापुढे भाव खायला म्हणून म्हणालो की याला चार बैल लटकवता येतील. समोरच्या घरातले काकाजी तिथेच बाकड्यावर बसले होते. काही बोलले नाहीत. नुसतं ऐकून ठेवलं.

रविवारी सकाळी सातला दारात उभे. माझ्या तोंडात ब्रश.

"मास्तर, तो तुहा रंगीत दोर दे बरं जरा."

"कायले?"

"मोटर जयली. वरते काढाची हाये."

"काकाजी, तो मोटरीचा दोर नाही हो, चढायचा आहे."

"मंग मोटर बी वरतेच येऊन रायली ना, खाली कुठी चाल्ली ते!"

मी चूळ भरून आलो, तेवढाच विचार करायला वेळ. म्हटलं, वजन पेलायचा नाही. काकाजींनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं.

"तुहं वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मोटर साठ किलोची हाये. अन् ते तुह्यावानी हातपाय बी नाई हालवत."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हटलं महाग आहे म्हणावं, तरी सोडतील. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं म्हणून पुढे सरकून हळूच म्हणालो, "तीन हजारांचा आहे हो."

"तीन हजार! बापा बापा बापा," आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत. "मंग तं मजबूतच असन!"

शेवटचा उपाय म्हणून त्यांना शास्त्र सांगितलं. या दोरावर पाय देत नाहीत, पाय दिला की बारीक खडे आत शिरतात आणि आतले धागे कापत राहतात, बाहेरून काही दिसतही नाही. काकाजींनी शांतपणे ऐकलं, "लक्ष्मीच हाये ते," म्हणून दोराला हात लावून कपाळाला लावला, आणि वेटोळं खांद्यावर टाकून निघाले. मी मागोमाग, हातात हेल्मेट अन् हार्नेस घेऊन. कशासाठी घेतलं होतं विचारू नका, मालकाने हजर असावं असं वाटलं.

विहिरीवर गेल्यावर पहिल्या मिनिटात चार जण दोरावर उभे होते. एक तर चक्क बसला होता.

विहीर पन्नास फूट. कप्पीवरून दोर टाकला, खाली मोटरीला बांधला, चौघांनी ओढायला सुरुवात केली. चौघं सहा फूट मागे आले तरी मोटर पाण्यातच. मग एकदम हलली आणि वर येता येता खालीवर, खालीवर, उसळायला लागली. काकाजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"हा तं ताणते, मास्तर!"

"ताणणारच. तसाच असतो तो."

"फसवलं तुले. रबर देल्लं."

आता मला सांगा, ज्या एका गुणासाठी मी एवढे पैसे मोजले तोच नेमका खोट निघाला. मी समजावलं, काकाजी, माणूस वरून पडला की झटका बसून कंबर मोडू नये म्हणून हा ताणतो, पडताना चाळीस टक्क्यांपर्यंत ताणला तरी नियमात बसतो.

"म्हंजे पडाचंच असते?"

"असं नाही. पण पडलो तर."

"मंग चढतं कायले?"

चौघंही दोर धरून माझ्याकडे बघायला लागले. मोटर मधेच लोंबकळत होती. खाली पाण्याचे थेंब पडल्याचा आवाज येत होता, थप, थप. मी म्हणालो, ओढा आता.

मोटर बांधायला जो माणूस खाली उतरला होता त्याचं राहिलंच. त्याला मी हार्नेस दिला. त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि अगदी आदराने विचारलं, "सर, हे पँटीवरून घालाचं का आतून?" मग ठेवून दिला बाजूला आणि बांधकामातल्या खाचांत अनवाणी बोटं रुतवत उतरून गेला, गालात खर्रा, कमरेला काही नाही. हेल्मेटही नाही, कारण हेल्मेट ऊन लागतं म्हणून काकाजींनी घातलं होतं. पन्नास फूट खाली, पन्नास फूट वर, मिळाले तीनशे. माझ्या पंचवीस फुटांचा व्हिडिओ मी तीन ग्रुपवर टाकला होता. लाइन रात्रीची, होल्टेज कमी, मोटर जळते, आणि दरवेळी हाच माणूस उतरतो, त्याला हाक मारतानाही "त्याले बलाव रे" एवढंच म्हणतात. मी त्याला परत एकदा हेल्मेटचं विचारलं तर म्हणाला, राहू द्या सर, घाम येते त्यानं. मला उगाच राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

असो. तर काल काकाजी दोर घेऊन आले. म्हणे ग्रीस निघत नव्हतं म्हणून डिझेलनं पुसला, मग गोठ्यात वाळत टाकला. मी दोर हातात घेतला, एके ठिकाणी वरचं कवच फुगून मऊ झालं होतं. अशा दोरावर जीव टांगत नसतात. मी म्हणालो, काकाजी, आता हा माझ्या कामाचा नाही राहिला.

"मंग मले दे. पोया जवय आला, जोडीले कासरे करतो. फुकट नाई मांगत." आणि बनियनच्या खिशातून पाचशेच्या सहा नोटा काढून मोजल्या. "तुहे तीन हजार."

बायको बाहेर आली.

"तीन हजार कायचे, काकाजी? अठराशेचा हाये तो. अन् आता तं वापरलेला. हजार द्या फक्त."

मी तारेवरच्या दोराकडे बघत राहिलो. तिने दोन नोटा घेतल्या, चार परत केल्या. काकाजींनी तिला आशीर्वाद दिला, दोर उद्या नेतो म्हणाले, चप्पल घातली आणि फाटकापाशी पोचल्यावर त्यांना काहीतरी आठवलं.

"अन् मास्तर, त्या बैल लटकवाच्या कड्या कितीले पडल्या?"

बायको दारातच थांबली.